चायेदान नावाचं स्टेशन

पोफळीची विरी गळून पडते तेव्हा तिचा एक आवाज होतो. ज्यानं तो ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. नारळ पडला की धप्प होतं आणि विषय संपतो. विरीचं तसं नाही. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा देठाकडचा भाग, रुंद, गुळगुळीत, चामड्यासारखा. ती सुटते तेव्हा आधी वर कुठेतरी चर्र होतं. मग ती शेजारच्या पोफळीला घासते, अडते, थांबते, पुन्हा निसटते, आणि शेवटी ओली चटई आपटावी तशी खाली येते. त्या मधल्या थांबण्यात माणूस उगाच मान वर करतो. श्रीवर्धनात जन्म गेला, सुपारीच्या हंगामात दिवसभर हा आवाज ऐकत मोठा झालो, आणि कधी दचकलो नाही. गेल्या वर्षापासून दचकतो.

आमच्या मंडळींचं निदान तयारच असतं. "वय झालं. कानात तेल घालत जा."

तर हंगाम पुन्हा आला आहे. पोफळींच्या माथ्याशी केशरी घोस लोंबतायत, घोस उतरवणारा पाडेली एका पोफळीवर चढतो आणि तिला झोके देऊन वरच्या वर दुसरी पकडतो, आणि खाली उभ्या असलेल्या बायका "अरे मेल्या, उतरून चढ की" असं दर वर्षीचं म्हणतायत. अंगणभर सुपारी वाळत पडली आहे. ओल्या टरफलाचा तो आंबूस-तुरट वास घरात, अंथरुणात, आमटीतसुद्धा आहे. सगळं जिथल्या तिथे आहे. आणि मी वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन ओटीवर बसलो आहे, आणि ती उलगडत नाही.

सुपारी सोलणं हे काम हातांचं. तोंडं रिकामी राहतात. रिकाम्या तोंडांचं काय करायचं हा प्रश्न आमच्या घरात फार वर्षांपूर्वी सुटला, कारण मी चीनला जाऊन आलो. तेव्हापासून दर हंगामाला अंगणात एकच गोष्ट चालते: भाऊंची चीनची गाडी. भाऊ म्हणजे मी. बायको सोडून अख्ख्या आळीचा मी भाऊ आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच ती पुन्हा हवी असते. एखादं वाक्य मी चुकलो तर पोरं दुरुस्त करतात. आमची ही मात्र टरफलं बाजूला सारता सारता शेजारणीला सांगते, "ऐका, ऐका. दर वर्षी ह्यांच्या गाडीला एक डबा वाढतो."

मी चीनला गेलो ते अज्ञानाच्या बळावर. तरुणपणी मुंबईत एका सुताच्या पेढीवर कारकून होतो. पेढीचं सूत शांघायला जायचं. एकदा नमुन्याच्या पेट्यांबरोबर माणूस पाठवायचा होता. शहाण्या कारकुनांनी ताप, सासरा आणि समुद्रपर्यटनाचा दोष अशी आपापली कारणं मांडली. चीनबद्दलचं माझं ज्ञान लोणच्याच्या बरणीपुरतं असल्यामुळे मला घाबरायला काही सुचलं नाही. मी हो म्हणालो. शांघायला उतरल्यावर कळलं की नमुने घेऊन पुढे आगगाडीनं गावोगाव जायचं आहे, थेट नानकिंगपर्यंत. एकंदर हिवाळ्याचे काही आठवडे मी त्या मुलखात होतो. त्या काही आठवड्यांवर पुढची सगळी वर्षं मी अंगणात बसून खाल्ली आहेत.

श्रीवर्धनला आगगाडी नाही. मुंबईला जायचं तर आगबोट. आमच्या पोरांनी आगगाडी पाहिलेलीच नाही. पण शांघाय ते नानकिंग मधली स्टेशनं त्यांना शुभंकरोतीसारखी येतात. शांघाय, क्वेनशान, सूचौ, वुसी, चांगचौ, तान्यांग, चायेदान, चिनक्यांग, नानकिंग. आणि गाडी कशाची? तर विरीची. विरीवर एकानं बसायचं, झावळीचा शेंडा दुसऱ्यानं धरून ओढायचा. आमची धाकटी नात यमू कायमचं इंजीन. वाडीत तिनं स्टेशनं नेमून दिलेली. विहिरीपाशी शांघाय. पाटाचं पाणी वळतं तिथे सूचौ, कारण मी सांगितलं होतं की सूचौला घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वारुळाजवळ वुसी, कारण तिथे मातीच्या बाहुल्या करतात. फणसाखाली चांगचौ. धुण्याच्या दगडाशी तान्यांग. रातांब्याच्या सावलीत चायेदान. आणि गडग्याला जिथे खिंडार आहे, जिथून पलीकडच्या वाडीत जाता येतं, ते चिनक्यांग. नानकिंगला गाडी कधी गेली नाही, कारण पलीकडे जमीन खडकाळ आणि मधे काटेरी झुडपं.

चिनक्यांग सगळ्यांना आवडायचं. तिथे खतीजाभाभी उतारूंच्या हातावर गूळखोबरं ठेवायची.

गडग्यापलीकडची वाडी दाऊदची. खतीजाभाभी त्याची बायको. दाऊद आगबोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. चीनच्या मोठ्या नदीत, यांगत्सेत, त्याची बोट जायची. एका खेपेला तो चिनक्यांग नावाच्या बंदरात उतरला आणि तिथेच त्यानं स्टेशनजवळ एक खानावळ घातली. तिथे जुनी मशीद आहे, हलाल खाणारी वस्ती आहे, हवा बरी आहे असं त्याचं म्हणणं. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, एक हंगाम राहायचा, आणि आमच्या अंगणात बसून माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. तिथे राहणारा माणूस समोर बसलेला असताना मी त्याला तिथलं वर्णन सांगायचो. तो मान डोलवायचा. चांगला माणूस.

मी चीनला निघालो तेव्हा भाभीनं त्याच्यासाठी पुरचुंडीभर रोठा सुपारी दिली होती. "चिनक्यांग. ध्यानात ठेवा, भाऊ. चिन आन् क्यांग." मला पुऱ्या प्रवासात तेवढा एकच शब्द खात्रीनं येत होता.

आता डोळे मिटले की काय दिसतं? शिडं दिसतात. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, अगदी आपल्यासारखी, म्हशीसकट. आणि त्या शेतांवरून शिडं चाललेली. कालवे खोल, काठ उंच, त्यामुळे होडी दिसत नाही, पाणी दिसत नाही. नुसतं तपकिरी, ठिगळांचं शीड भातातून सावकाश सरकतं. धुक्यात तर ते उगवतं आणि विरतं. शेतांत मधेच मातीचे गोल उंचवटे. मी समोरच्या म्हाताऱ्याला खुणेनं विचारलं, हे काय? त्यानं डोळे मिटून मान एका खांद्यावर टाकली. थडगी. प्रत्येक शेतात आपापले वाडवडील. नांगर त्यांना वळसा घालून जातो. पुढचा सगळा प्रवास मी शेतं मोजायच्या ऐवजी ते उंचवटे बघत बसलो. गोष्टीत मी हे सांगत नाही. पोरांना बाहुल्या आवडतात.

आणखीही एक सांगत नसे. प्रत्येक स्टेशनात शिपाई असायचे. पायात गवताच्या वहाणा, पाठीवर बंदूक, आणि बंदुकीशेजारी कागदी छत्री. छत्री बघून मी हसलो होतो. लढाईला जाताना पाऊस लागेल म्हणून छत्री नेणारं सैन्य मला फार समजूतदार वाटलं. तान्यांगच्या आधी कुठेतरी गाडी बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या रुळावरून शिपायांनी भरलेले डबे गेले. त्यांच्यातलं कुणी बोलत नव्हतं. आमच्या डब्यातल्या बायकांनी पोरांना खिडकीपासून ओढून घेतलं. ती सवयीची ओढ होती. पाऊस आला की आपण दोरीवरचे कपडे ओढतो तशी. तेव्हा कोण कुणाशी लढत होतं हे मला कळलं नाही; त्या बायकांनाही सगळं कळत असेल असं वाटत नाही.

तर चायेदान. तान्यांग गेलं. थंडी मी म्हणत होती. अंगात दोन कोट, वर घोंगडी, आणि पोटात सकाळपासून काही नाही, कारण बायकोनं निघताना बजावलेलं: तिकडे कशालाही तोंड लावू नका. गाडी एका बोगद्याच्या अलीकडे थांबली. बाहेर ना फलाट, ना पाटी. आणि धुक्यातून हाक आली: "चा-ये-दान! चा-ये-दान!"

मी ताडकन उठून बसलो. स्टेशनाचं नाव. मग खिडकीतून पाहिलं तर एक माणूस खांद्यावरच्या कावडीत पातेलं घेऊन उभा, पातेल्यातून वाफ, आणि वाफेला चहाचा वास. माझ्या मराठी डोक्यात लख्ख उजेड पडला. चहादान! आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालतात, तसं हे लोक थंडीत चहा वाटतात. काय धर्मशील देश. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी पेला घेऊन खाली उतरलो, त्या पुण्यवान माणसाला दोन्ही हात जोडले आणि पेला पुढे केला. त्यानं पेल्यात टक् करून एक काळपट अंडं टाकलं आणि पैशासाठी हात पसरला.

पुढच्याच स्टेशनला, चिनक्यांगला, मी उतरलो. बोगदा संपताच नदी दिसली. मोठी म्हणजे किती मोठी, तर पलीकडचा काठ दिसेना. मला वाटलं आपली खाडी इथवर आली की काय. गावाला सगळीकडे आंबवलेल्या भाताच्या शिरक्याचा आंबट वास. दारादारांत मडकी, मडक्यांत शिरका. त्या वासात आणि गर्दीत मी पेटी, घोंगडी, पुरचुंडी सांभाळत उभा, आणि पाठीमागून आवाज आला, "अरं बाजूला व्हय की, काय पोफळीवानी उभा ऱ्हायलास?" दाऊद हमालावर ओरडत होता. हमालाला मराठी कळत नव्हती, पण तो बाजूला झाला. मला मराठी कळत होती, मी रडलो.

अंड्याची हकीगत ऐकून दाऊद खानावळीच्या बाकावर आडवा पडून हसला. "भाऊ, त्ये ठेसन न्हाय. चा म्हंजे चा. ये म्हंजे पाला. दान म्हंजे अंडं. चायच्या पाल्यात उकडलेलं अंडं."

"दान म्हणजे अंडं?"

"व्हय. हितं दान मागशील तर अंडं मिळंल."

घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. मोठी माणसं हसली. पण पोरांना स्टेशन सोडवेना. त्यामुळे तेव्हापासून मोठ्यांना खरं ठाऊक आणि पोरांना स्टेशन ठाऊक, अशी आमची गाडी चालत आली.

दोन वर्षांमागे दाऊद परत गेला तो सांगून गेला, "फुडल्या खेपेला सुपारीला येतो. खानावळ मोडतो आन् येतोच." ती पुढली खेप म्हणजे गेल्या वर्षीचा हंगाम.

श्रावणात शांघायला लढाई लागल्याचं कानावर आलं. तेव्हा दर्या बंद, बातमी डोंगरावरून फिरून यायची, शिळी आणि अर्धी. मग आगबोटी सुरू झाल्या, आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे येऊ लागले. गठ्ठा यायचा तोही काही दिवसांचा जुना. म्हणजे मी जे वाचायचो ते होऊन गेलेलं असायचं. मी इथे "लढाई वुसीच्या वेशीशी" वाचतोय तेव्हा वुसीचं काय झालं हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, फक्त मला आणि खतीजाभाभीला नव्हतं.

ती दुपारचं जेवण आटोपून यायची. आपल्या वाडीतली सुपारी पोत्यात, छोटी कोयती हातात. खांबाला पाठ लावून बसायची. पाच-सहा सुपाऱ्या सोलून झाल्या की मान वर न करता विचारायची, "गाडी कुठवर आली, भाऊ?"

तिनं हा शब्द वापरला. लढाई म्हणाली नाही, फौज म्हणाली नाही. गाडी. आणि खरंच, छापून येणारी नावं त्याच क्रमानं येत होती. इतकी वर्षं मी अंगणात ज्या क्रमानं म्हणत होतो त्याच क्रमानं, एकही न गाळता, जणू कुणीतरी माझी गोष्ट ऐकून निघालं होतं.

"सूचौ पडलं," मी वाचलं.

यमू विरी घेऊन उभी होती. "पडलं म्हणजे कुठे पडलं?"

"गप ग," तिची आई म्हणाली.

"पण गाव कसं पडेल? सुपारीसारखं?"

माझ्या डोळ्यांपुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आल्या, आणि त्या पायऱ्यांवर भाजी धूत बसलेली एक बाई. तिचं तोंड मला कधीच दिसलं नव्हतं. गाडीतून फक्त पाठ आणि लाल झालेले हात.

पोरांचं गणित आपल्यासारखं नसतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गाडी विहिरीपासून सुटेना. शांघाय पडलं, सूचौ पडलं, तिथून गाडी कशी सुटेल? यमूनं ती वारुळापासून सोडली. पुढच्या गठ्ठ्यानंतर वारूळही गेलं. फणसापासून सुटू लागली. आईनं एकदा रागावून सांगितलं, दुसरं काही खेळा. पोरं दुसरं खेळली, आणि आई आत जाताच पुन्हा विरी निघाली. खडबड, खडबड. गाडी दर खेपेला आखूड होत होती आणि दर खेपेला गडग्याच्या खिंडाराच्या आणखी जवळून सुटत होती. आम्ही मोठे ओटीवर बसून बघत होतो. वाडीत काही बदललं नव्हतं. तेच पाटाचं पाणी, तेच ऊन, तीच कावळ्यांची भांडणं. पण शप्पथ सांगतो, विहिरीकडे पाण्याला जाताना अंगावर काटा यायचा. ती बाजू आता आपली नाही असं वाटायचं.

चांगचौला लाकडाचे कंगवे करतात. हिच्यासाठी मी एक आणला होता, पिवळसर, गुळगुळीत, इतक्या वर्षांत एक दात तुटला नाही. चीनमधून आणलेली ही माझी एकमेव गोष्ट जिच्यावर तिनं कधी टीका केली नाही. चांगचौचं नाव वाचलं त्या दुपारी ती दारात बसून केस विंचरत होती. हात तसाच केसांत राहिला. मग तिनं कंगवा सोडवून घेतला, पदरानं पुसला आणि फडताळात वर ठेवला. तेव्हापासून ती साध्या फणीनं विंचरते.

मग तान्यांग. मी घडी उलगडली, नाव दिसलं, आणि पहिल्यांदाच मला वाचता येऊ नये असं वाटलं. कारण तान्यांगनंतर चिनक्यांग. मधे काही नाही. एक बोगदा.

"तान्यांग पडलं, भाभी."

कोयती थांबली. पुन्हा चालू झाली. टरफलाची लांब पट्टी सुटून मांडीवर पडली. मग ती शांतपणे म्हणाली, "आजून चायेदान हाय."

अंगणात सगळ्यांचे हात थांबले. मी हिच्याकडे बघितलं. ही सुपारीकडे बघत होती. इतक्या वर्षांत मी ती अंड्याची गोष्ट किती जणांना सांगितली असेल. पण भाभी तेव्हा अंगणात होती की नव्हती, तिनं ऐकली की नाही, काही आठवेना. बाई खरंच धरून बसली होती की मधे एक स्टेशन आहे. तिथे आणखी थोडे दिवस जातील. तेवढ्यात दाऊद निघेल.

"हो," मी म्हणालो. "आहे."

गोष्टीला डबे जोडणारा माणूस मी. पण एवढा जड डबा कधी जोडला नव्हता.

आठवडाभर ती रोज आली. गठ्ठा आला नव्हता. आगबोट उशिरानं होती. रोज विचारायची, "चायेदान आलं का वो?" मी म्हणायचो, "नाही अजून." आणि ते खरंच होतं. ते येणारच नव्हतं. पोरांची गाडी आता रातांब्यापासून सुटून खिंडारापाशी लगेच संपायची. बसलेलं पोर नीट बसायच्या आत उतरायचं. तरी भाभी गूळखोबरं ठेवायची.

त्या दिवसांत मला सारखी नानकिंगची भिंत आठवायची. चिनक्यांगहून दाऊद मला ती दाखवायला म्हणून घेऊन गेला होता. गाडी नदीच्या कडेकडेनं गेली. आणि मग ती भिंत. मी जंजिरा पाहिला आहे, रायगड पाहिला आहे, पण ही भिंत बघून माझी टोपी मागे पडली. शहराभोवती डोंगरासारखी फिरलेली. जवळ जाऊन हात लावला तर गार, ओलसर. विटेविटेवर अक्षरं कोरलेली. दाऊद म्हणाला, ज्यानं वीट केली त्याचं नाव हाय. कच्ची निघाली तर धरायला. मला ती कल्पना फार आवडली. म्हटलं, ह्या भिंतीच्या आतला माणूस निवांत झोपत असेल.

दाऊद दर्यावरचा माणूस. त्यानं भिंतीकडे पाहिलंच नाही. तो नदीकडच्या दरवाजात उभा राहून आतबाहेर बघत होता. "भिंत बेस हाय, भाऊ," तो म्हणाला. "पर दारं थोडी. आपल्या जंजिऱ्याला बघ, पाठीमागनं दर्यावर दार हाय. बांधणाऱ्याला ठावं व्हतं, कवातरी पळावं लागतं." मग हसला. "हितं समद्यांना येकाच दारातनं पळावं लागंल."

मीही हसलो होतो. त्यानंतर आम्ही खारवलेलं बदक खाल्लं. म्हणजे त्यानं खाल्लं. मी बायकोला घाबरून भात खाल्ला.

आगबोट आली. गठ्ठा आला. दुकानातून अंगणात येईपर्यंत मी वरची घडी उलगडून पाहिली होती. भाभी खांबाला टेकून बसलेली. यमू रातांब्याखाली विरीचा शेंडा धरून उभी. मी बसलो. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"गाडी कुठवर आली, भाऊ?"

मी तोंड उघडलं. बोलायच्या आत यमू ओरडली, "मला माहीत आहे! आता चायेदान!"

"न्हाय, बाय," खतीजाभाभी म्हणाली. तिनं कोयती खाली ठेवली. "त्ये ठेसन न्हाय. अंडीवाल्याची हाळी हाय ती. मला आमच्या ह्यांनी पयल्याच खेपेला सांगितलं. हासून हासून पोट दुखलं व्हतं त्यांचं." मग माझ्याकडे वळली. "तुमी वाचा. चिनक्यांग ना?"

मी वाचलं. एकच ओळ होती. गाव पडलं, एवढंच. त्यात खानावळ नव्हती, मशीद नव्हती, शिरक्याच्या मडक्यांचं काय झालं ते नव्हतं. तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पोतं आवरलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि खिंडारातून पलीकडे गेली. पोरं बाजूला झाली. त्या दिवशी गूळखोबरं मिळालं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

मी हिला विचारलं, "तिला ठाऊक होतं?"

"तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं."

"मग आठवडाभर का विचारत होती?"

"तुमचं तोंड बघून," ही म्हणाली. "तान्यांग वाचलंत तेव्हा आरशात बघायला हवं होतंत."

नानकिंगबद्दल नंतर जे छापून आलं ते मी अंगणात वाचलं नाही. एकट्यानं वाचलं, आणि वाचता वाचता नदीकडच्या दरवाजापाशी येऊन थांबलो. दारं थोडी होती. पोरांची गाडी तिथवर कधी गेली नाही हे एका परीनं बरंच झालं.

दाऊदची काही खबर आली नाही. पावसाच्या तोंडाशी एक खलाशी धक्क्यावर उतरला, तो सांगत होता की चिनक्यांगची पुष्कळ माणसं आधीच होड्यांनी नदीवरून वर निघून गेली, हँकोकडे. पुष्कळ माणसांत एक भंडारी होता का, हे त्याला सांगता येईना. भाभीनं त्याला जेवू घातलं, पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि "व्हय, असंल, असंल" एवढं घेऊन ती घरी गेली. तेवढ्यावर तिनं पावसाळा काढला. नदी हाय ना तिथं, ती म्हणायची. नदी असली की त्यांना कोन धरतो.

आणि आता हा हंगाम. आता छापून येणारी नावं नदीच्या वरच्या अंगाची आहेत. किउक्यांग आलं, गेलं. ही गावं मी पाहिलेली नाहीत. त्यांना माझ्या डोळ्यांत पायऱ्या नाहीत, वास नाहीत, कंगवे नाहीत. नुसतं नाव येतं आणि जातं. आगीला काय, गवत ओळखीचं असायला लागत नाही. माणसं पळाली त्याच वाटेनं ती मागोमाग निघाली आहे.

काल दुपारी भाभी आली. पोतं, कोयती, खांब. सुपाऱ्या सोलता सोलता तिनं विचारलं, आणि घडी माझ्या हातात असल्यामुळे मला सांगावंच लागलं.

"हँको पडलं, भाभी."

तिनं हातातली सुपारी सोलून बाजूला ठेवली.

"त्याच्या फुडं काय हाय?"

"ठाऊक नाही. मी नानकिंगच्या पुढे गेलोच नाही. नदी पुढे जाते, लांब जाते एवढं ऐकून आहे. डोंगरांतून येते."

"गाडी?"

"नसेल बहुतेक. होड्या असतील."

"होड्या हायत म्हंजे लागायच्या जागा हायत. त्यास्नी नावं असतील."

"असतील. पण मला येत नाहीत."

"मंग करा," ती म्हणाली. "तुमाला काय नवं हाय?"

ही हसेल असं वाटलं. ती हसली नाही. तिनं हातातली सुपारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या गोष्टीसाठी हिनं आपणहून काम थांबवल्याचं मला आठवत नाही.

यमू गडग्याच्या खिंडारात उभी होती, विरीचा शेंडा हातात. तिच्या पलीकडे दाऊदची वाडी, खडक, काटेरी झुडपं, आणि मागे डोंगराची चढण.

"लांब करा, भाऊ," खतीजाभाभी म्हणाली. "लई लांब करा."

मी घसा साफ केला. पहिलं नाव घेतलं. तिथे म्हटलं, एक घाट आहे, घाटावर एक खानावळ आहे. यमूनं विरी ओढून खिंडारातून पलीकडे नेली. वर कुठेतरी चर्र झालं, एक विरी सुटली, अडली, थांबली. कुणी मान वर केली नाही. मी पुढचं नाव घेतलं.